थिबा राजाची माणके

रत्नागिरीच्या नावात रत्न आहे, पण तिथल्या जमिनीत माणिक सापडत नाही. वर तांबडा जांभा आणि खाली काळा बेसाल्ट, अशी तिथली भूमी. जगातल्या सर्वांत नामांकित माणकांच्या खाणींचा धनी मात्र याच गावात तीस वर्षांहून अधिक काळ राहिला आणि इथेच वारला. तो म्हणजे ब्रह्मदेशाचा, आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट पाहायला पर्यटक येतात, राजाच्या नजरकैदेची हकिगत ऐकतात आणि आंबे-काजू घेऊन परततात. या हकिगतीत एका खडकाचा वाटा किती मोठा होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

मठातून गादीवर

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी मंडालेत झाला. वडील मिंडॉन हे ब्रह्मदेशाचे राजे. त्यांना अनेक राण्या आणि अनेक मुले होती. थिबा गादीवर येईल असे त्याच्या लहानपणी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. काही काळ तो मंडालेतल्या इंग्रज मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, पुढे बौद्ध मठात राहिला. पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेत त्याने १८७७ मध्ये नाव मिळवले. अभ्यासू, मवाळ आणि दरबारी डावपेचांपासून दूर असलेला असा हा तरुण होता.

हीच गोष्ट त्याला गादीवर घेऊन गेली. १८७८ मध्ये मिंडॉन आजारी पडले, तेव्हा राजवाड्यातली एक मातब्बर राणी आणि काही मंत्री यांना आपल्या कह्यात राहील असा वारस हवा होता. त्यांनी थिबाला पुढे केले. त्या राणीची मुलगी सुपयालत त्याची पट्टराणी झाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी जणांची हत्या झाली. तो निर्णय कितपत राजाचा आणि कितपत त्याच्या भोवतालच्यांचा, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण डाग राजाच्या नावावर लागला आणि पुढे इंग्रजांना तो उपयोगी पडला.

गादी मिळाली तरी राज्य अर्धेच उरले होते. १८५२ च्या युद्धानंतर समुद्रकिनारा, बंदरे आणि भाताचा सुपीक त्रिभुज प्रदेश इंग्रजांकडे गेला होता. राजाच्या खजिन्याला आधार देणाऱ्या गोष्टींत सागवान, खनिज तेल आणि मोगोकची माणके यांना महत्त्व आले.

मोगोक हे मंडालेच्या उत्तरेला डोंगरांत वसलेले गाव. तिथल्या खाणी शतकानुशतके राजाच्या मक्त्याच्या होत्या. खोदणाऱ्याला लहान खडे विकता येत, पण ठराविक किमतीच्या वरचा प्रत्येक खडा राजाकडे जमा करावा लागे. त्यामुळे मोठा खडा सापडला की तो फोडून लहान तुकडे करण्याचा मोह खाणकऱ्यांना होत असे. राजाच्या जामदारखान्यात न्गा मौक नावाचे एक प्रसिद्ध माणिक होते. ते ज्याला सापडले त्याचेच नाव त्याला पडले, अशी आख्यायिका आहे. राजसत्तेची खूण म्हणून त्याला मान होता.

न वितळता बदलणारा खडक

एवढ्या मोलाचा खडा मोगोकलाच का निर्माण झाला? त्यासाठी खडकांच्या तिसऱ्या घराण्याची ओळख करून घ्यावी लागते.

खडकांचे तीन प्रकार शाळेत शिकवले जातात. तप्त शिलारस थिजून झालेले ते अग्निज खडक. कोकणातला आणि देशावरचा काळा बेसाल्ट या गटातला. गाळ साचून, दाबला जाऊन झालेले ते स्तरित खडक. वालुकाश्म, पंकाश्म आणि चुनखडक हे त्यातले. तिसरे रूपांतरित खडक. आधीपासून असलेला कोणताही खडक खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि घन अवस्थेतच त्याचे रूप पालटले, की तो रूपांतरित खडक होतो.

यातला महत्त्वाचा शब्द म्हणजे घन. खडक पूर्ण वितळला तर त्यातून पुढे अग्निज खडक बनेल. रूपांतरात खडक दगडच राहतो, पण त्याच्या आतले अणू हळूहळू जागा बदलतात. त्या तापमानाला आणि दाबाला जी खनिजे टिकू शकत नाहीत ती मोडतात आणि टिकणारी नवी खनिजे त्यांच्या जागी वाढतात. कणांच्या फटींतून फिरणारे थोडेसे पाणी आणि वायू ही देवघेव सोपी करतात. हे साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होते आणि आठशे-साडेआठशे अंशांपर्यंत, क्वचित त्याहीपुढे, चालते. वेळ लागतो तो लाखो वर्षांचा.

मोगोकचा मूळ खडक हा उथळ समुद्रात साचलेला चुनखडक होता. त्यात अधूनमधून मातीचे पातळ थर होते. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो तापला की त्याचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे, चमकदार स्फटिक बनतात आणि चुनखडकाचा संगमरवर होतो. त्या मातीत ॲल्युमिनियम होते आणि क्रोमियमचा अगदी नाममात्र अंश होता. साधारण सहाशे-सातशे अंशांच्या उष्णतेत ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन एकत्र येऊन संगमरवराच्या पोटात कुरुविंदाचे स्फटिक वाढले. कुरुविंद म्हणजेच कुरुंद, हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेले खनिज. शुद्ध कुरुविंद रंगहीन असते. त्यात थोडे क्रोमियम शिरले की ते लाल होते आणि त्याला माणिक म्हणतात. लोह आणि टायटॅनियम शिरले की निळे होते आणि नीलम म्हटले जाते.

इथे एक अट फार कडक आहे. आसपास सिलिका, म्हणजे वाळूचा घटक, मुबलक असेल तर ॲल्युमिनियम तिच्याशी जोडले जाते आणि अभ्रक, फेल्डस्पार यांसारखी साधी खनिजे बनतात. माणिक बनतच नाही. पृथ्वीच्या कवचात सिलिका जवळजवळ सगळीकडे आहे. जिथे ती कमी आणि ॲल्युमिनियम पुरेसे, अशा जागा थोड्या. म्हणून माणिक दुर्मीळ आहे. मोगोकच्या संगमरवरात लोहही फार कमी होते. लोह जास्त असले तर माणकाचा रंग काळवंडतो. ते कमी असल्यामुळे मोगोकचे माणिक सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी आतून लाल उजळते. निखाऱ्यासारखी दिसणारी ही लाली जवाहिऱ्यांना भुरळ घालते.

आता उरतो उष्णतेचा आणि दाबाचा प्रश्न. त्याचे उत्तर भारताकडे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. त्याच काळात त्यावर लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यातून सह्याद्री व कोकणाचा बेसाल्ट झाला. पुढे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, हा भूखंड आशियाला भिडू लागला. समोर हिमालय उभा राहिला आणि पूर्वेच्या कडेला आजच्या ब्रह्मदेशातले खडक दबले, तापले, दुमडले. मोगोकचा पट्टा या उलथापालथीतून गेला. म्हणजे रत्नागिरीची भूमी ज्या भूखंडावर आहे, त्याच भूखंडाच्या धक्क्याने थिबाच्या राज्यातली माणके घडवायला मदत केली.

नंतरचे काम पावसाने केले. वर आलेला संगमरवर पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात विरघळत गेला. माणिक विरघळत नाही. ते झिजलेल्या खडकातून सुटून गुहांत आणि दऱ्यांच्या तळाशी मातीगोट्यांत साचले. मोगोकचे खाणकरी मुख्यतः हीच माती उपसून, धुऊन, चाळून खडे वेचत आले.

मंडालेची शेवटची रात्र

अशा खाणीचा मालक असणे १८८५ मध्ये धोक्याचे होते. फ्रान्सने इंडोचायनात बस्तान बसवले होते आणि थिबाचा दरबार फ्रेंचांशी बोलणी करत होता. त्यात माणकांच्या खाणींच्या सवलतींचाही विषय असल्याच्या बातम्या लंडनपर्यंत गेल्या. त्याच सुमारास सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनशी वाद पेटला. कंपनीने ठरल्याहून जास्त लाकूड नेले, असे म्हणत दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्ट यांचे सैन्य आगबोटींतून इरावतीच्या प्रवाहाविरुद्ध निघाले आणि दोन आठवड्यांत मंडालेत पोहोचले.

कर्नल स्लेडन हे इंग्रज अधिकारी राजाला आधीपासून ओळखत होते. शरणागतीची बोलणी त्यांच्यामार्फत झाली. राजवाड्यात त्या रात्री गोंधळ माजला. दासी, सैनिक, बाहेरचे लोक आत-बाहेर करत होते आणि मौल्यवान वस्तू नाहीशा होत होत्या. थिबाने पुढे आयुष्यभर एकच सांगितले, की निवडक रत्ने आपण सुरक्षित ठेवण्यासाठी स्लेडन यांच्याकडे सोपवली आणि ती परत मिळाली नाहीत. न्गा मौक माणिक त्या रात्रीनंतर कुणाच्याही दृष्टीस पडले नाही.

राजा, गरोदर राणी, लहान मुली आणि धाकटी राणी यांना आगबोटीने रंगूनला आणि तिथून मद्रासला नेण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता. तिसरी मुलगी मद्रासमध्ये जन्मली. एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरी बंदरात उतरले. चौथ्या मुलीचा जन्म पुढच्या वर्षी रत्नागिरीतच झाला.

जांभ्याच्या गावात

रत्नागिरी निवडण्यामागे कारण सरळ होते. रेल्वे नव्हती, मागे सह्याद्री, पुढे समुद्र. पावसाळ्यात बंदरही बंद. राजाला पळून जाणे किंवा कुणी भेटायला येणे दोन्ही अवघड. सुरुवातीला त्याला सरकारी बंगल्यांत ठेवले. पोलिस अधिकाऱ्याची देखरेख असे, तैनात ठरलेली होती आणि खर्चाचा हिशेब मुंबई सरकार पाहत असे.

त्याच्या पायाखाली आता जांभा होता. जांभा हा रूपांतरित खडक नाही, तरी अनेकांची तशी समजूत असते, कारण तोही मूळ खडक बदलूनच झालेला आहे. फरक आहे तो बदलण्याच्या जागेचा आणि रीतीचा. रूपांतर खोलवर, उष्णतेने आणि दाबाने होते. जांभा जमिनीच्या पृष्ठभागाशी, उन्हापावसाने होतो. मुसळधार पाऊस बेसाल्टातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची पाणी धरून असलेली ऑक्साइडे. लोहामुळे तो तांबडा दिसतो. ॲल्युमिनियमचे प्रमाण खूप वाढले तर त्यालाच बॉक्साइट म्हणतात, आणि मंडणगड-दापोली भागात ते सापडते. या प्रक्रियेला भूविज्ञानात विदारण म्हणतात.

खरे रूपांतरित खडक त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातही होते, पण दक्षिणेला. १९८१ मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग तेव्हा याच जिल्ह्याचा भाग होता. बेसाल्टाचे आवरण तिकडे संपते आणि सावंतवाडी, कुडाळ, मालवणच्या परिसरात पट्टिताश्म, शिस्ट आणि क्वार्ट्झाइट यांसारखे जुने खडक उघडे पडतात. रेडीचे लोहखनिज अशाच प्राचीन रूपांतरित खडकांशी जोडलेले आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतले मँगनीज व संगमरवर हेही रूपांतराचेच देणे.

विज्ञानाची तीस वर्षे

थिबा रत्नागिरीत दिवस मोजत होता, त्याच तीस वर्षांत रूपांतरित खडकांचे शास्त्र उभे राहिले. त्यातला एक धागा थेट त्याच्या हरवलेल्या खाणीतून गेला.

ब्रह्मदेश हाती येताच इंग्रज सैन्य मोगोकला पोहोचले. भारतमंत्र्यांनी बॅरिंग्टन ब्राऊन या भूवैज्ञानिकाला खाणींची पाहणी करायला पाठवले. १८८९ मध्ये लंडनमध्ये बर्मा रुबी माइन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिला खाणींचा पट्टा मिळाला. ब्राऊन यांनी आणलेले नमुने लंडनच्या प्रा. जड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दोघांचा मोठा निबंध १८९६ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. माणिक मोगोकच्या संगमरवरातच घडते, हे त्यात स्पष्ट झाले. तो संगमरवर मुळात समुद्री चुनखडक होता, हे मात्र जड यांना पटले नव्हते. शेजारच्या पट्टिताश्मातली खनिजे बदलून तो झाला असावा, असा त्यांचा कयास होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो मागे टाकला.

याच दशकात, १८९३ मध्ये, जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांत एक साधी पण मोलाची गोष्ट दाखवली. एकाच प्रकारच्या मातकट खडकातून चालत गेले, की ठराविक क्रमाने नवी खनिजे दिसू लागतात. आधी हिरवट क्लोराइट, मग काळे अभ्रक, मग गार्नेट, पुढे स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. प्रत्येक खनिज म्हणजे उष्णतेची पुढची पायरी. खडक किती तापला होता, हे त्यातल्या खनिजावरून कळू लागले. तापमापक हाती नसताना कोट्यवधी वर्षांपूर्वीचा ताप मोजण्याची ही युक्ती होती.

आज भूवैज्ञानिक रूपांतरित खडक हाती घेतो तेव्हा तीन गोष्टी पाहतो. पहिली, खडकाची वीण. दाब एका बाजूने जास्त असेल तर अभ्रकासारखी चपटी खनिजे त्या दाबाला काटकोनात रांगेने बसतात आणि खडकाला पापुद्रे येतात. मातीच्या पंकाश्मापासून आधी पाटीचा दगड होतो. लिहायच्या पाटीसारखा तो सपाट फुटतो. आणखी तापला की रेशमी चकाकीचा फिलाइट, त्यानंतर डोळ्यांना अभ्रक दिसेल असा शिस्ट, आणि अखेरीस काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म, ज्याला नाइस म्हणतात. चपटी खनिजे फारशी नसतील तर पापुद्रे येत नाहीत. चुनखडकाचा संगमरवर आणि वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट हे असे.

दुसरी गोष्ट, मूळ खडक कोणता होता. रूप कितीही पालटले तरी रासायनिक घटक बहुतेक तेच राहतात. चुनखडकाचा संगमरवर होईल, पण पाटीचा दगड कधी होणार नाही. तिसरी गोष्ट, रूपांतर कशामुळे झाले. शेजारी शिलारस घुसला आणि त्याच्या आचेने आसपासचा खडक भाजला, तर ते संपर्क रूपांतर. त्याचा पट्टा अरुंद असतो. पर्वत उभे राहताना मोठा प्रदेश दाब आणि उष्णता दोन्हींतून गेला, तर ते प्रादेशिक रूपांतर. भ्रंशाच्या रेषेवर खडक घासून भरडले गेले, तर ते गतिज रूपांतर. मोगोकचा पट्टा मुख्यतः प्रादेशिक रूपांतराचा, आणि त्यात नंतर घुसलेल्या शिलारसानेही ठिकठिकाणी आपली भर घातली.

फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी १९१५ मध्ये या सगळ्याला एकत्र बांधणारी कल्पना मांडली. मूळ खडक वेगवेगळे असले तरी ते एकाच तापमान-दाबातून गेले असतील, तर त्यांच्यातल्या खनिजांच्या जोड्या एकमेकांशी सुसंगत असतात. अशा गटांना त्यांनी नावे दिली. खडकाचे वर्गीकरण म्हणजे त्याने सोसलेल्या परिस्थितीची नोंद, ही दृष्टी तिथून रुळली.

राजवाडा, आणि स्वस्त झालेले माणिक

थिबाकडे मंडालेहून आणलेले थोडे जवाहीर उरले होते. तैनात पुरेना, नोकरचाकर बरेच, आणि व्यवहाराची सवय नाही. तो एकेक खडा विकू लागला. सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी ते पडत्या भावात घेतले. कर्ज वाढले की सरकारची बोलणी खावी लागत. हरवलेल्या रत्नांसाठी त्याने सरकारकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. चौकशी झाली, पण हाती काही आले नाही. स्लेडन १८९० मध्येच वारले होते.

या काळात एक विलक्षण अदलाबदल घडली. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवले गेले. तो तुरुंग थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या कोटातच होता. टिळकांनी तिथे गीतारहस्य लिहिले आणि १९१४ मध्ये ते सुटून परत आले. मंडालेचा राजा मात्र रत्नागिरीतच राहिला.

दीर्घ मागणीनंतर त्याच्यासाठी स्वतंत्र राजवाडा बांधला गेला. १९१० मध्ये कुटुंब तिथे राहायला गेले. भिंतींना कोकणचा जांभा, लाकूडकामाला ब्रह्मदेशी सागवान. ज्या लाकडाच्या वादाने राज्य गेले, तेच लाकूड आता त्याच्या छपराला होते. धाकटी राणी १९१२ मध्ये याच गावी वारली.

माणकांच्या बाजारातही तोवर मोठा फरक पडला होता. १९०२ मध्ये पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नुय यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीत थोडे क्रोमियम मिसळायचे, ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वाळेतून खाली सोडायची आणि वितळलेले थेंब एकावर एक थिजू द्यायचे. काही तासांत नाशपतीच्या आकाराचा लाल स्फटिक तयार. तो काच नव्हता किंवा नक्कलही नव्हता. रासायनिकदृष्ट्या ते खरेच माणिक होते. घड्याळांच्या बेअरिंगला माणके स्वस्तात मिळू लागली आणि पुढे १९६० मध्ये जगातला पहिला लेसर कृत्रिम माणकाच्या कांडीतूनच निघाला. मोगोकच्या कंपनीला मात्र उतरती कळा लागली आणि १९२० च्या दशकात तिचे दिवाळे निघाले.

दोन्हींतला फरक भिंगाखाली कळतो. कारखान्यात माणिक सुमारे दोन हजार अंशांवर वितळून थिजते, त्यामुळे त्यात वाढीच्या रेषा वक्र दिसतात आणि कधी वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. मोगोकचे माणिक कधी वितळलेलेच नसते. त्यात सरळ कोनांच्या रेषा, रुटाइलच्या रेशमासारख्या बारीक सुया आणि संगमरवराचेच चिमुकले कण सापडतात. जवाहिऱ्याच्या भाषेत हे दोष. पण खडा कुठल्या खडकात वाढला याची साक्ष तेच देतात. आजही महागडे माणिक घेताना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते याच खुणा वाचून दिलेले असते.

शेवट

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीत वारला. वय ५७. त्यातली जेमतेम सात वर्षे राजा म्हणून गेली आणि तीस वर्षे बंदिवान म्हणून. अस्थी ब्रह्मदेशात नेण्याची परवानगी मिळाली नाही. धाकट्या राणीशेजारी त्याची समाधी रत्नागिरीतच बांधली गेली. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये वारली. थोरल्या राजकन्येचा वंश मात्र रत्नागिरीत रुजला, मराठी बोलू लागला.

मंडालेहून लंडनच्या संग्रहालयात गेलेल्या राजचिन्हांपैकी बरीचशी १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळाली. न्गा मौक त्यात नव्हते. ते कुठेतरी तुकडे होऊन नव्या नावांनी मिरवत असेल, असे अनेकांना वाटते. माणकाचे तुकडे केले की त्याचा मालक कोण होता हे सांगता येत नाही. ते मोगोकच्या संगमरवरात घडले, एवढे मात्र त्याच्या पोटातल्या कणांवरून आजही ओळखता येईल. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि समाधीपुढे नतमस्तक झाले.

थिबा पॅलेसच्या ज्या भिंती पर्यटक पाहतात, त्यांच्या जांभ्यातही ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन आहेतच. माणिक याच दोन मूलद्रव्यांचे बनते. जांभ्याचा बॉक्साइट कधी खोल गाडला गेला, तापला आणि दाबला गेला, तर त्यातले पाणी निघून जाते आणि कुरुंद तयार होते. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरचा, हत्यारांना धार लावण्यासाठी प्रसिद्ध असलेला कुरुंदाचा दगड असाच घडला आहे. त्यात लोह फार असल्याने तो काळा दिसतो, माणकासारखा लाल नाही. घटक तेच असले तरी दगड काय होणार हे दोन गोष्टींवर ठरते: सोबत काय होते आणि तो कशातून गेला.